चोपन्न किलोची नळी

२ जानेवारी
आज कपाट आवरताना शाळेची सायकल आठवली. काळी, एकच, ताईची आणि माझी मिळून. सकाळचं धुकं, दोघींचे निळे ट्युनिक, प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत पोचायची घाई. चढावर ताई धापा टाकत म्हणायची, बोलू नकोस गं, दम लागतो. मला कधी लागला नाही. माझा दम मुळातच चांगला.

संकल्प: ताईच्या सत्तरीला, १० एप्रिलला, शाळेमागच्या टेकडीवर दोघींनी सायकलने जायचं. भावोजी गेल्याला वर्ष झालं, ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. फोन केला. म्हणाली, तू सायकल चालवलीस तर येईन.
म्हणजे ठरलंच.

५ जानेवारी
टेकडी आहे, साधी सायकल चालायची नाही. टायटॅनियमची माउंटन बाइक, माझ्या मापाने बनवलेली. हे म्हणाले, आधी कुणाची तरी मागून चालवून बघ. यांना लांबचं दिसत नाही. चष्मा लावूनही.

९ जानेवारी
सायकलच्या फ्रेमवाल्याकडे गेलो. भिंतीभर राखाडी नळ्या उभ्या, लहानमोठ्या, शाळेच्या चॅपेलमधल्या ऑर्गनसारख्या. डोळे भरून आले. फ्रेमवाल्याला वाटलं धूळ गेली.

त्याने समजावलं: पातळ नळी हलकी, पण जड माणूस बसला की वाकते. जाड नळी ताठ, पण वजनदार. कुठली घ्यायची ते चालवणाऱ्याच्या वजनावर. फॉर्म पुढे केला. मी लिहिलं, ५४. हे शेजारी उभे होते. खोकले.

चोपन्न हेच माझं खरं वजन आहे. मधली वाढ तात्पुरती. गेली तीस वर्षं.

१० जानेवारी
नळ्या २३ फेब्रुवारीला कापणार. एकदा कापल्या की बदल नाही. तोवर सतरा किलो. दिवसाला चारशे ग्रॅमसुद्धा नाही. उद्यापासून.

१८ जानेवारी
७१.४. बाथरूमची फरशी उतरती आहे. काटा हॉलमध्ये नेला. ७१.६. हॉलमध्ये हवा दमट.

२७ जानेवारी
नमुन्याच्या तीन नळ्या घरी आणल्या. नखाने वाजवून पाहिल्या. जाड नळी ठक्क करते, मठ्ठ मुलीसारखी. पातळ नळी काय गोड वाजते. तीच घ्यायची. फ्रेमवाला फोनवर म्हणाला, मॅडम, आपण पेटी नाही विकत घेत. उद्धट आहे, पण कामाला पक्का असावा.

४ फेब्रुवारी
व्यायाम सुरू करणार होते, तेवढ्यात शेजारीण आली. आलेल्या माणसाला उठवणं आमच्या शाळेच्या शिकवणीत बसत नाही. ती तीन तास बसली. हेल्मेट आणि हातमोजे आले. हेल्मेट घालूनच भाजी निवडली. सवय हवी. हेल्मेट थोडं घट्ट. आंबाडा ही गोष्ट सायकलवाल्यांच्या लक्षातच आलेली नाही.

१७ फेब्रुवारी
फ्रेमवाला म्हणाला, कापण्याआधी गल्लीत जरा चालवून दाखवा, बसण्याची ढब बघतो.
गल्ली उतरती होती. झाड चुकीच्या जागी लावलेलं.
गुडघा.
फ्रेमवाल्याने विचारलं, मॅडम, शेवटची कधी चालवली होती? म्हटलं, शाळेत, रोज. तो म्हणाला, बरं, ब्रेक कुठला? मी दाखवला. ती घंटी निघाली.

१८ फेब्रुवारी
ताई आली. स्वतःहून, टॅक्सी करून, एकटी. यांनी फोन केला असणार. माझ्या गुडघ्याकडे पाहून म्हणाली, बावळट, तुला सायकल कधी येत होती? पाच वर्षं तू कॅरिअरवर. मी चढावर मरत होते आणि तू मागे बसून माझ्या रिबिनी सोडत होतीस.
मी म्हटलं, तोल मी सांभाळायचे.
म्हणाली, हो, पेरू खात.
मग म्हणाली, मला वाटलं हिला जमायचं नाही, म्हणजे मलाही बाहेर पडायला नको. म्हणून हो म्हटलं होतं.
तेवढ्यात हे, कुणी न विचारता, म्हणाले की हिने फॉर्मवर चोपन्न लिहिलंय. ताई हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो. वर्षभरात मी हा आवाज ऐकला नव्हता. म्हणून यांना काही बोलले नाही. आज.

२२ फेब्रुवारी
फ्रेमवाल्याला फोन केला. कळवलं: ताई ५८, मी ७१.६, एकूण १२९.६. जाडातली जाड नळी घ्या, मागे कॅरिअर लावा. तो म्हणाला, टायटॅनियमच्या माउंटन बाइकला कॅरिअर कुणी लावत नाही हो. ताईने माझ्या हातून फोन घेतला. आता लावतोय.
ताईची अट: सपाटीवर बसायचं, चढ आला की उतरून ढकलायचं, आणि रिबिनींना हात लावायचा नाही.

तर वाटप असं. सायकल ताईची, तिच्याच मापाची, १० एप्रिलपासून. हेल्मेटही तिला, तिचे केस आता पातळ झालेत. हातमोजे यांना, गुलाब छाटायला. वजनकाटा शेजारणीला, कायमचा. गोड आवाजाची नळी फ्रेमवाल्याला परत; चोपन्न किलोचं कुणी आलं तर त्याने तिला द्यावी.
कॅरिअरवरची उशी मला. तोल मीच सांभाळणार आहे.