नदीच्या वळणावरची ढाल

४ एप्रिल
मी फळीतून ढाल कोरतोय, त्यावरून मर्लताईने आज पुन्हा टोचलं. "फळीची ढाल कसली रे, तो तर ट्रे झाला. चहा ने त्यावरून." उभ्या झाडातून काढ म्हणते, बाबा काढायचे तशी. बोलता बोलता भोपळा चिरत होती, बाबांच्या मेंढ्या कातरायच्या मोडक्या कातरीच्या पात्याने. चोपन्न वर्षं तेच पातं. दुसरं कुठे गेलं कोण जाणे.

९ एप्रिल
झाड तिनेच निवडलं. नदीच्या वळणावरचा म्हातारा लाल गम, निलगिरीच्याच जातीचा, पोट पुढे आलेला. "बाबा इथे हात ठेवून उभे राहायचे." मी तेव्हा चार वर्षांचा. मला फक्त त्यांची पाठ आठवते. कातरणीच्या कामाला म्हणून गेले ते गेलेच. दुसरा संसार मांडला म्हणे. त्यांचं नाव निघालं की अजून तोंड कडू होतं.

११ एप्रिल
खोडाला कान लावला. आत नदीसारखं काहीतरी वाहत होतं. दुपार तिथेच गेली.

१५ एप्रिल
कोळशाने आकार आखला. आता कडेने खाच पाडायची, खाचेत पाचरी ठोकायच्या आणि निघून जायचं. वर्षभरात झाड स्वतःच ढाल सैल करतं. मग येऊन उतरवायची. झाडही जगतं.
ताईला बाबांचं बोलणं आठवलं — "परत यायचं नसेल तर पाचर ठोकू नका रे. झाडाला उगाच ताटकळत ठेवायचं नाही."
मी म्हटलं, "आणि पोरांना?" ती उठून आत गेली. बोलायला नको होतं.

२१ एप्रिल
पहाटे स्वप्न. धुक्यात बाबा पाठमोरे, झाडावर काहीतरी ठोकतायत. हाक मारली. थांबले, पण वळले नाहीत. दिवसभर ती ठकठक कानात होती.

२ मे
खाच पाडत चार बोटं आत गेलो आणि कुऱ्हाड खणकन वाजली — लोखंड! आत जुनी खाच, माझ्याच ढालीच्या आकाराची. सालीने कधीच झाकून टाकलेली. ज्याला मी पोट म्हणत होतो ते हेच. पटाशीने हळूहळू सोडवलं. गंजलेलं पातं, पाचरीसारखं ठोकलेलं.

३ मे
ताईच्या टेबलावर दोन्ही पाती जुळवली. मोडलेली कड कडेला बरोबर बसली. ती हातानेच डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, "जा, होतं तिथे ठेवून ये."
त्याच खाचेत परत ठोकून आलो. बाबा परत येणार होते.