तळघरातलं स्टूल

टोलेडो, २६ सप्टेंबर

ती. बर्निसताईस,
चेस्टरचा सा. न. वि. वि.

फोनवर फुटबॉल बोलून भांडायचं नाही, हा आईचा नियम ती गेल्यावरही आपण पाळतो, म्हणून हे पत्र. तसं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. आपले तांबडे काल पुन्हा हरले. शेवटचा पास टाकला तो थेट पंचाच्या पोटात. मी टीव्ही बंद केला आणि यंदाचा मोसम संपल्याचं घरात जाहीर केलं.

त्यातून एक चांगलं झालं. माझ्या थेरेसाच्या लग्नाला चर्चचा हॉल मिळाला. ७ जानेवारीचा शनिवार बाद फेरीच्या धास्तीनं आपल्या गावात कोणी घेत नाही, मी घेतला. फादर कमिन्स्कींनी पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, फादर, तांबडे आणि बाद फेरी? तेही हसले.

दाजींना म्हणावं, तळघरात टीव्हीसमोर पायरीवरची तुमची जागा शाबूत आहे. जांभळ्या टीमच्या माणसानं पायरीवर बसायचं, हा बाबांचा कायदा मी मोडणार नाही.

राग न मानता माया ठेव.
तुझा, चेस्टर

*

फोर्ट वेन, १३ डिसेंबर

चि. चेस्टरला अनेक आशीर्वाद.

काय रे, मोसम संपला होता ना? मग हे तुझे तांबडे ऑक्टोबरपासून सगळ्यांना बडवत का सुटलेत?

दोन्ही टीमचा गट एकच, तो आमच्या जांभळ्यांनी जिंकला, ते सोड. त्यांना बाद फेरीत पहिला आठवडा सुट्टीच आहे. पण गट न जिंकलेल्यांतल्या बऱ्या टीमनाही मागच्या दारानं आत घेतात, आणि त्या दारात तुझी मंडळी ताटकळतायत. आत आली तर पहिला सामना ७ नाहीतर ८ जानेवारीला. आता वधूपित्यानं काय करायचं?

थेरेसाचा फोन आला होता. रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, आत्या, पप्पा माझा हात धरून चर्चमध्ये येणार की आजोबांच्या स्टुलावर बसणार, ते आत्ताच सांगू देत. बाबा गेल्यापासून सामना चालू असताना ते स्टूल तू रिकामं ठेवलेलं नाहीस. अपेंडिक्स फुटायला आलं तरी उठला नव्हतास. पोरीला नीट उत्तर दे.

प्रकृतीला जप आणि डोकं ठिकाणावर ठेव.
तुझी, बर्निसताई

*

टोलेडो, १९ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तारीख हलत नाही. जावई नौदलातला, रजा तेवढीच. थेरेसाला शब्द दिलाय, मी चर्चमध्ये असेन. स्टूल रिकामं राहिलं की तांबडे हरतात हे मला माहीत आहे आणि गावालाही. परवा न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी धरून विचारलं, त्या दिवशी बसणार कुठं? मी पुटपुटलो, आधी आत तर जाऊ देत.

आणि आत जायचं तर, ताई, हे कुणाला सांगू नकोस. शनिवारी आपण जिंकून भागत नाही, त्याच मागच्या दारात उभ्या असलेल्या पांढऱ्यांना जांभळ्यांनी हरवायला हवं. जांभळे तर गट जिंकून बसलेत, जीव तोडून कशाला खेळतील? शिवाय दाजी बर्फावर मासे धरायला निघालेत म्हणे. त्यांना थांबव. त्यांची ती कधी न धुतलेली टोपी घालून त्यांना टीव्हीसमोर बसव. आपल्या घराण्यात जांभळ्यांसाठी कोणी प्रार्थना केली नव्हती. मी रविवारी केली, हळू आवाजात.

एवढं कर, मग हवं तितकं चिडव.
तुझा, चेस्टर

*

फोर्ट वेन, २७ डिसेंबर

चि. चेस्टरला अनेक आशीर्वाद.

यांनी माशांचा बेत सोडला, टोपी घातली आणि बसले. तू बघितलंच असशील. जांभळ्यांची शेवटची किक गोलच्या खांबाला आपटली आणि आत पडली. गट जिंकला तेव्हाही हे एवढे ओरडले नव्हते. मोबदला म्हणून लग्नात तू जांभळा टाय बांधायचा आहे. टाय सोबत पाठवतेय, खरकट्या हातानं धरू नकोस.

आता वाईट बातमी. तुमचा सामना शनिवारी दुपारी एकला. लग्नही एकला.

रात्री जेवताना हे म्हणाले, मला चर्चमध्ये तसाही खोकला येतो, स्टुलावर मी बसतो. पुढे म्हणतात, तुझ्या बाबांची हरकत असेल तर त्यांनी स्वप्नात येऊन सांगावं. अजून तरी आलेले नाहीत.

लेकीकडे लक्ष दे, आणि आमची वाट बघ.
तुझी, बर्निसताई

*

टोलेडो, १० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू पहिल्या बाकावर रुमालात तोंड खुपसून होतीस, म्हणून मागचं सांगतो. गायकवृंदातला जाड्या फ्रँक कानात रेडिओ खुपसून अख्ख्या चर्चला बोटांनी गुण दाखवत होता. फादर प्रवचन अर्ध्यावर सोडून थेट शपथांवर आले. वेदीपाशी थेरेसानं माझा टाय सरळ केला आणि कानात म्हणाली, पप्पा, स्कोअर सांगू? मी म्हणालो, नको. आणि खरं सांगतो ताई, त्या घडीला मला तो नकोच होता. माझी पोर इतकी सुंदर दिसत होती.

मग हॉलच्या दारात दाजी, डोक्यावर बाबांची तांबडी टोपी आणि आवाज पार बसलेला. जिंकलो! लोकांनी त्यांना उचलून पोल्का नाच केला. नवरा-नवरी कोपऱ्यात बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी खात उभे होते.

पण आता रविवारी गाठ कुणाशी? तुमच्याच जांभळ्यांशी. आणि गाव मला स्टुलाला हात लावू देईना. ज्याच्या बसण्यानं जिंकलो त्यानंच बसायचं, असं न्हावी म्हणतो, आणि फादरही. स्वतःच्या टीमविरुद्ध बसा, असं दाजींना मी कुठल्या तोंडानं सांगू? तूच बघ.

या भावावर दया असू दे.
तुझा, चेस्टर

*

फोर्ट वेन, १२ जानेवारी

श्री. चेस्टरराव यांस,
ऑर्विलचा स. न. वि. वि.

बर्निसच्या पत्राच्या शेवटी ‘यांचाही नमस्कार’ एवढीच आजवर माझी हजेरी. हे माझं पहिलंच पत्र, गोड मानून घ्या.

लग्न झाल्यापासून मी त्या पायरीवर बसून आधी तुमच्या बाबांची, मग तुमची पाठ बघत आलो. शनिवारी स्टुलावर बसलो तेव्हा कळलं, तिथून निम्मा टीव्ही दिसतच नाही. मधे खांब येतो. पायरीवरून मात्र सगळं मैदान दिसतं. तळघरातली सगळ्यात चांगली जागा त्यांनी या जांभळ्या जावयाला का दिली असेल, ते आता विचारायची सोय नाही. तेव्हापासून तोच विचार डोक्यात आहे.

तेव्हा रविवारी मी येतो आणि स्टुलावर बसतो. इथल्या जांभळ्या शेजाऱ्यांना थेरेसाचं सामान हलवायला जातोय असं सांगितलंय. माझी टोपी खिशात असेल, खिसे तपासू नका. जांभळे हरले तर परतीच्या वाटेवर मला काही बोलू नकोस, असं बर्निसला आधीच बजावा.

तुम्ही पायरीवर बसा. खांबामागं काय चाललंय ते मला सांगत राहा.

पिरोगी उरल्या असतील तर ठेवा.
तुमचा, ऑर्विल