मिटलेली करंगळी

मंगळवार, फरीदाबाद

आज लेकीला, इराला, बेरजेतला हातचा शिकवला. शाळेत 'कॅरी' म्हणतात, आणि ही तो दर वेळी विसरते. म्हटलं, हातचा आला की करंगळी मिटून ठेव, मिळवलास की उघड. सगळी गणितं झाली, मी भराभर बरोबरच्या खुणा केल्या.

जेवताना बघते तर हिची डावी करंगळी मिटलेलीच! "आई, हा हातचा मिळवायचा राहिलाय." पळत जाऊन वही आणली. शेवटचं गणित, ४७ अधिक ३८, उत्तर ७५. त्यावर माझी ठसठशीत खूण. आणि मी दिवसभर ऑफिसात इतरांच्या चुका काढते!

इतक्या हसलो दोघी. तिने ऐटीत ८५ केले. म्हणाली, "अच्छा आई, तपासताना तूपण करंगळी मिटून ठेव."

ठेवली आहे. उघडावीशीच वाटत नाही.