जांभळ्या डागाचं पान

गुरुवार, दुपार

प्रिय मुंगे,

ही हाक वाचून तू चष्मा शोधशील की पत्र तसंच बाजूला ठेवशील, मला सांगता येत नाही. एकतीस वर्षांत तुला या नावाने कुणी हाक मारली नसेल. अंगापेक्षा मोठा ट्रे उचलून तुरुतुरु जिने चढायचीस म्हणून तू मुंगी, आणि वरच्या फळीवरची बाटली स्टुलाशिवाय काढायचे म्हणून मी ताडमाड. दोन्ही नावं तूच ठेवलेली. आता मला सगळे मॅडम म्हणतात आणि मी आत आले की उभे राहतात. ताडमाड म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि त्याला कारण मीच आहे.

आधी बातमी सांगते. प्रयोगशाळेत आयुष्य घालवणाऱ्या बायकांचा गौरव करायला पुढच्या आठवड्यात मोठा समारंभ आहे आणि यंदा पहिला मान माझा आहे. मानपत्राचा मसुदा तपासायला आलाय, उद्या दुपारपर्यंत सही करून परत द्यायचा. आमच्या पोरींनी तो मोठ्याने वाचला, टाळ्या वाजवल्या, एकीने तर डोळे पुसले. त्यात लिहिलंय की पेशंटने स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय रक्त घ्यायचं नाही, आणि ट्यूबवरचं लेबल आधी न लावता त्याच्या खाटेशीच लावायचं, हा नियम मी घालून दिला. तो आज कितीतरी इस्पितळांत पाळतात, त्याने माणसं वाचली आहेत, हे सगळं खरं. पण 'मी घालून दिला' हे खोटं आहे. त्यातलं अर्धं तुला ठाऊक आहे आणि उरलेलं अर्धं फक्त मला. ते तुला सांगितल्याशिवाय सही करायला माझा हात उठत नाही.

तुला आपली खोली आठवते का ग? एक खिडकी, तीही धुलाईघराकडे उघडणारी. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायचं यंत्र सुरू केलं की टेबलावरून चालायला लागायचं आणि आपल्यापैकी एकीला त्याला धरून उभं राहावं लागायचं. मोठे साहेब म्हणायचे, बायकांची नजर बारीक, त्यांना बारीक कामंच द्यावीत. मग एकदा तू स्लाइड बघून त्यांना सांगितलंस, साहेब, ही साधी रक्तक्षयाची नाही, या पेशी वेगळ्या आहेत, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. ते हसले. चार दिवसांनी त्याच माणसाला मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं. साहेबांनी तुला शाबासकी दिली नाही, पण त्या दिवसापासून प्रत्येक अडलेली स्लाइड काहीतरी निमित्त काढून तुझ्याच टेबलावर यायला लागली. मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता. तो मी तुला कधी दाखवला नाही, उलट चहा पाजला.

सकाळी ज्याची ड्यूटी त्याने वॉर्डाची यादी बघून सगळ्या ट्यूबांना लेबलं चिकटवायची, खाली आपली आद्याक्षरं टाकायची, आणि दुपारी रॅक घेऊन खाटेमागून खाट हिंडायचं, ही आपल्याकडची रीत. वेळ वाचायचा. तुला ती रीत पहिल्यापासून खटकायची. लेबल नळीवर आधी लागलं की ती नळी कुणाचंही रक्त त्याच नावाने पिते, असं तू म्हणायचीस. साहेबांपुढे बोललीस तेव्हा ते म्हणाले, "नावं विचारत बसलात तर रिपोर्ट पुढच्या जन्मी मिळतील." सगळे हसले. मीही हसले, मुंगे.

त्या दिवशीची लेबलं तुझ्या हातची होती. एकच्या सुमाराला तुझ्या लेकीच्या शाळेतून फोन आला, पोरीला ताप भरलाय, घेऊन जा. साहेब जागेवर नव्हते. तू घुटमळलीस, मी म्हटलं, "जा ग, मी बघते वॉर्डाचं." तू काहीतरी खरडलंस आणि धावत गेलीस. मी तुझा रॅक उचलला. अकरा आणि बारा नंबरच्या खाटांवर दोघी शस्त्रक्रियेच्या होत्या. बाराची एक शाळेतली शिक्षिका होती, तिचं रक्तगटाचं आणि जुळणीचं सॅम्पल घ्यायचं होतं. सकाळी डोळ्यांवर ऊन येतं म्हणून त्या दोघींनी आपसांत खाटा बदलल्या होत्या आणि कुणालाच ते सांगितलं नव्हतं. मी बारा नंबरपाशी गेले, लेबलावरचं नाव वाचलं आणि म्हटलं, तुम्हीच ना? तापाने ग्लानीत असलेली ती बाई म्हणाली, "हं."

एवढंच. हं. त्या एका हुंकारावर मी सुई टोचली. शिक्षिकेच्या नावाच्या नळीत दुसरीचं रक्त गेलं. खाली प्रयोगशाळेतली जुळणी बिनचूक निघाली, कारण चुकीच्या ट्यूबशी चुकीची पिशवी अगदी बरोबर जुळते. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला दुसऱ्याच गटाचं रक्त चढलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तिचा भाऊ दोन दिवस आपल्या दारासमोरच्या बाकावर तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. दार उघडलं की मान वर करायचा.

चौकशीत ट्यूबवर तुझी आद्याक्षरं होती. तू सांगितलंस, "त्या वेळी मी इथे नव्हते, जाताना ड्यूटीच्या वहीत तशी नोंद केली होती." वही आणली. त्या पानावर चौकशीच्या आदल्या दिवशी जंतूंना रंग चढवायचा जांभळा स्टेन सांडला होता, म्हणून मी ते पान उतरवून काढलं होतं. उतरवलेल्या पानावर तुझी नोंद नव्हती. मला विचारलं तर मी म्हणाले, जेवढं वाचता आलं तेवढं उतरवलं, मूळ पान फेकून दिलं. वॉर्डात कोण गेलं होतं? मी म्हणाले, नक्की आठवत नाही. वॉर्डातल्या कुणालाही आठवत नव्हतं, पांढऱ्या कोटात आपण सगळ्या सारख्याच. तू माझं नाव घेतलं नाहीस, मी स्वतः सांगेन म्हणून माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस ते तुला माहीत नसेल, मला माहीत आहे. त्या वर्षी माझ्या वडिलांनी अंथरूण धरलेलं होतं, वरच्या जागेची परीक्षा मी नुकतीच पास झाले होते. ही कारणं मी स्वतःला खूप वर्षं दिली. खरं कारण, मी घाबरले. पाचावर धारण बसली आणि तुझा बळी दिला.

जिन्यात तू मला गाठलंस. भांडशील असं वाटलं होतं. तू माझा हात धरून विचारलंस, "अगं, मी लिहिलं होतं असं मला अगदी वाटतंय. का घाईत लिहायचंच राहिलं?" तुझा आवाज असा होता की तुला माझ्यावर नाही, स्वतःवर शंका येत होती. मी म्हणाले, घाईत होतं असं कधी कधी. त्याच आठवड्यात तू राजीनामा दिलास.

मग मी वर चढत गेले. साहेब निवृत्त झाले, खात्याची पहिली बाई प्रमुख म्हणून मला खुर्ची मिळाली, आणि पहिल्याच महिन्यात मी तुझा नियम लावला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! साध्या कामगार बाईपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांशी त्यासाठी भांडले, एका सर्जनने फाइल फेकली ती उचलून परत त्याच्या टेबलावर ठेवली. ते भांडण मात्र माझं होतं, ते मी कुणाला देणार नाही. रक्तगट दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या सॅम्पलवर दोघींनी स्वतंत्र तपासायचा, हेही मी केलं. आमच्याकडे वह्यांची पानं छापील आकड्यांची असतात आणि एकही पान उतरवून काढायची मुभा नाही. पोरी त्याला मॅडमची शिस्त म्हणतात. चोराच्या मनात चांदणं, हे त्यांना कुठून कळावं.

आणि तो हुंकार मला सोडत नाही, मुंगे. भूतबित मी मानत नाही, तुला माहीत आहे. पण भर दुपारी, वॉर्डातून सॅम्पल आलं की ट्यूब उचलताना मला मागून ऐकू येतं, हं. लिफ्टमध्ये कुणी शेजारच्याला होकार दिला तरी माझा हात थांबतो. फोनवर नातू हं म्हणतो तेव्हा मी त्याच्यावर खेकसते, नीट नाव घेऊन बोल म्हणते, आणि तो बिचारा आईकडे फोन देतो. बारा नंबरची खाट आता तिथे नाही, तिथे औषधांचं कपाट आहे. मी अजून त्याला वळसा घालून जाते.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक नवी तंत्रज्ञ आली. पहिल्याच दिवशी एका घाईत असलेल्या डॉक्टरला तिने शांतपणे थांबवलं आणि म्हणाली, "पेशंटच्या तोंडून नाव निघेपर्यंत सुईचं टोपण निघत नाही, सर." मुंगे, ते वाक्य तुझं होतं, शब्दन् शब्द. मी तिला खोलीत बोलावून विचारलं, कुणी शिकवलं? ती म्हणाली, आमच्या मॅडमनी. एका लहान गावी, दोन खोल्यांच्या शाळेत, सव्वीस वर्षं पोरींना हे काम शिकवणाऱ्या मॅडम, उंचीने एवढ्याशा, दोन-दोन पायऱ्या चढणाऱ्या. तुझ्या हाताखालून गेलेल्या चारशेवर मुली आज कुठे कुठे टेबलं सांभाळतात, असं ती अभिमानाने सांगत होती. पुढे म्हणाली, आमच्या मॅडम खूप विसराळू आहेत पण, म्हणजे त्या स्वतःच तसं म्हणतात. साधी गोष्टही दोनदा लिहितात आणि आम्हाला विचारतात, मी लिहिलं ना, बघा बरं. आम्ही हसायचो. मी त्यानंतर तिला पाणी आणायला पाठवलं, कारण मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं. तुझा पत्ता तिच्याकडूनच घेतला.

तर आता ते उरलेलं अर्धं. स्टेन सांडला नव्हता. शिक्षिका गेल्याचं कळल्यावर मी वही उघडली, बाटली घेतली आणि ओतली. पण डाग पानाच्या खालच्या कोपऱ्यावरच पडला, लिहिलेल्यावर पडलाच नाही. मग मी पान काढून घेतलं, दुसरं लिहिलं, आणि हे जपून ठेवलं. का जाळलं नाही ते मला आजही सांगता येत नाही. या पत्रासोबत ते पाठवतेय. त्याची प्रत उद्या मसुद्याबरोबर जाईल, एक इस्पितळाला जाईल, आणि तिसरी घेऊन मी स्वतः शिक्षिकेच्या भावाच्या दारात उभी राहणार आहे. मग मान राहो नाहीतर जावो, आणि पुढे जे व्हायचं ते होवो. माफी मागत नाही, तो हक्क मी घालवला. तू फक्त पान उघड. सकाळच्या रकान्यात तुझं अक्षर आहे: 'सूचना – लेबलं आधी लावू नयेत. पेशंटने आपलं नाव सांगितल्यावरच लावावीत.' त्याच्याखाली, घाईघाईत, पण स्वच्छ: '१.१० – लेकीला ताप, शाळेत जाते. वॉर्डातली सॅम्पलं ताडमाड घेईल.' जिन्यात तू मला जे विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायला मला एकतीस वर्षं लागली. लिहायचं राहिलं नव्हतं ग. तू काहीच विसरली नव्हतीस. तू लिहिलं होतंस.

तुझीच,
ताडमाड