बाजूला ठेवलेली बाटली

प्रिय अर्पिता,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस आणि आज मला तुला चिडवायचं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. मामंजींचा खोकला थांबला, म्हैस व्याली, आणि तुझे दादा तुझ्या नावानं सोनपेठभर मिरवायचे काही थांबत नाहीत. परवा एका ओळखीच्याला सांगत होते, माझी बहीण किडनीचं गणित मांडती. तो म्हणाला, कुठल्या दवाखान्यात? दवाखाना न्हाई हो, गणित, असं यांनी तीनदा सांगितलं. तो बिचारा मान हलवत राहिला.

मला मात्र ते गणित कळतं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. तूच शिकवलंस. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आपण लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून बसलो होतो. पातेल्यात पाणी सुटायला लागलं, तशी तू शेजारच्या परातीतल्या पिठात बोटानं एक नळी काढलीस. खाली जाणारी आणि वळण घेऊन पुन्हा वर येणारी. म्हणालीस, वहिनी, उंदीर असो की माणूस, किडनीत अशा बारीक नळ्या असतात. वर येणारी बाजू मीठ बाहेर टाकते आणि ते मीठ शेजारच्या नळीतलं पाणी ओढून घेतं. पाणी कमी प्यालं की ओढ वाढते, लघवी दाट होते, शरीर पाणी वाचवतं. किती ओढायचं आणि कुठं थांबायचं, ते तुला समीकरणांत पकडायचं होतं. मी बारावीला गणितात कशीबशी पास झालेली बाई, पण त्या दिवशी मला वाटलं, आपल्या घरात लय मोठं माणूस जन्माला आलंय. तुझ्या बोटाची ती रेघ मोडू नये म्हणून मी भाकरीला दुसरं पीठ घेतलं, हे तुला माहीतच नसेल.

गेल्या हंगामात तू आमच्या ऊसतोडीच्या टोळीवर आलीस. फडात आडोसा नसतो, चहूकडे गडीमाणसं, म्हणून बायका दिवसभर पाणी तोंडाला लावत नाहीत, हे मीच तुला सांगितलं होतं. ऊन, काम आणि प्यालेलं पाणी यावरून लघवी किती दाट होईल ते तुझं गणित आधीच सांगणार होतं, आणि बायकांच्या लघवीच्या बाटल्यांवरून ते खरं की खोटं ठरणार होतं. मी तेव्हा भाच्याच्या बारशाला देवगाव फाट्याला गेले होते. आदल्या दिवशी बायकांना सगळं समजावताना तुझे कान लाल झाले होते म्हणे. शेवटी त्यांच्यातल्या बायनाबाईनं तुझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि स्वतःच बाटल्या वाटल्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरले ती थेट कोयता घेऊन फडात, माझी बाटली तू तिथंच हातात दिलीस. मुकादम महारुद्र दिवसभर कुरकुरत होता, आज या बायका सारख्या कुठं जायल्यात म्हणून. आपण दोघी त्याला हसलो होतो, आठवतं?

संध्याकाळी सगळ्यांच्या बाटल्या पाण्यासारख्या नितळ निघाल्या आणि माझी एकटीची कोऱ्या चहासारखी. तुझा चेहरा पडला. आकडे लिहून घेतलेस, पण ही धरायची नाही म्हणत तू माझी बाटली बाजूला ठेवलीस आणि मला परभणीला डॉक्टरकडे पाठवायचा धोशा लावलास. मला कसला रोग? पण तू ऐकशील तर ना. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या उत्तम, पाणी तेवढं पीत जा.

आणि आता रविवारचा तुझा फोन. गणित माणसाला लागू पडत नाही असं तुझे पुण्याचे गाईड सर म्हणाले, सोमवारी जाऊन संशोधन सोडते म्हणून सांगणार, मानवतला क्लासमध्ये शिकवणार. मामंजींना आनंद झाला, पोरगी जवळ आली म्हणून. लगेच एका स्थळाची आठवणही झाली त्यांना. मला राग आला, अर्पिता. तुझा नाही, कुणाचा ते कळेना.

काल बाजारात टोळीतली वच्छलाबाई भेटली. तू सोडणार म्हटल्यावर तिनं डोक्याला हात लावला आणि मग सगळं सांगितलं. तू समजावून गेलीस तशा या सगळ्या बसल्या आणि ठरवलं, पोरगी आपली, एवढी शिकली, पुण्याहून आली. तिच्यासमोर पिवळं कसं द्यायचं? तिच्या सरांनी आपल्याला काय म्हणावं? पाहुणे येणार म्हणून अंगण झाडतो, तसं त्यांनी सकाळपासून ड्रमनं पाणी पिऊन घेतलं. तुला मात्र सांगितलं, रोजच्याइतकंच प्यालो. तुझ्या कौतुकापायीच केलं गं. वच्छलाबाई म्हणाली, त्या दिवशी डोकं दुखलं न्हाई, पायात गोळे आले न्हाईत. आता त्यांना सगळ्यांना वाईट वाटतंय. येत्या हंगामात पुन्हा ये, बायनाबाईचा निरोप आहे, ह्या टायमाला पाहुणचार न्हाई.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन आला की आपल्या घरी स्पीकर लागतो आणि मामंजींपासून शेजारच्या गीताबाईपर्यंत सगळे गोळा होतात. त्यांच्यासमोर मी सूनबाईनं लघवीच्या गोष्टी कशा बोलाव्या? म्हणून बन्सीधरभाऊ पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती हे देते. सोमवारच्या आत तुला मिळालं पाहिजे. एका बाटलीनं गणित सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं. पण सरांकडे जाण्याआधी माझ्या बाटलीचे आकडे काढ आणि तुझ्या गणिताशी लावून बघ. मला त्या बैठकीची खबर नव्हती. मी रोजच्यासारखीच दिवसभर तहानलेली राहिले होते.

तुझीच, दोन्ही किडन्यांनी ठणठणीत,
पंकजा वहिनी