लेटीचं ताट

२ सप्टेंबर १८४७
पोचलो बाई एकदाचे हॉर्थवेलला. कारभारणीची नोकरी आणि वर माझ्या लेकीला, लेटीला, सोबत ठेवायची मुभा. विधवेला आणखी काय हवं? घर म्हणजे जुना मठच. तीनशे वर्षांपूर्वी राजाने साधूंना हाकललं, छपरं विकली, उरलेल्या भिंतींत मालकांच्या पूर्वजांनी संसार थाटला. आम्ही नोकरमाणसं साधूंच्याच भोजनशाळेत जेवतो. सहा वर्षांच्या लेटीने आल्याआल्या दोनदा पुडिंग मागितलं. म्हातारी स्वयंपाकीण मिसेस टॉली म्हणाली, ही पोर आम्हाला भिकेला लावणार. आणि तिसऱ्यांदा वाढलं.

१९ सप्टेंबर
लेटी गेली. घटसर्प. चार दिवसांत.

२१ सप्टेंबर
कालपासून टॉली माझ्याशेजारी लेटीचं ताट मांडते. इथली साधूंपासूनची रीत. मेलेल्याचं ताट तीस दिवस मांडायचं, अन्न फाटकावरच्या गरिबाला द्यायचं. एकतिसाव्या दिवशी ताट पालथं घालायचं, म्हणजे जीव मोकळा होतो. मला बरं वाटलं. निदान महिनाभर ती माझ्याजवळ आहे.

१२ ऑक्टोबर
लेटीच्या ताटातल्या पावाला चावा घेतलेला. तिच्या पडलेल्या दाताची फट त्यात स्पष्ट दिसते. कुणाला सांगितलं नाही. आनंदाने रडले.

२० ऑक्टोबर
टॉली ताट पालथं घालायला आली, मी तिचा हात धरला. ती म्हणाली, अगं बाई, पोरीला अडकवू नकोस. तीस दिवसांनंतरचं अन्न मेलेल्यांच्या अंगी लागत नाही, नुसती भूक वाढते. मी म्हटलं, तुझी पोर गेली असती म्हणजे कळलं असतं. ती म्हणाली, दोन गेल्या, दोघींची ताटं मीच पालथी घातली.
मी ऐकलं नाही.

२७ ऑक्टोबर
ताट चाटूनपुसून साफ. आता ती दिसते, भर दुपारी, बाकावर. गाल बसलेत. आई, अजून दे, एवढंच म्हणते.

२ नोव्हेंबर
बाकीच्यांनी इथे जेवणं सोडलं. टॉली म्हणते, अजूनही पालथं घाल, सुटेल ती. ताटाला हात लावला. लेटी रडायला लागली— नाही जमलं.

५ नोव्हेंबर
मनगटं काडीएवढी. कोठार रिकामं केलं— पीठ, चरबी, हाडंसुद्धा— माझी पोर माझ्यामुळे उपाशी.

६ नोव्हेंबर
वाढायला काही नाही. डावा हात दिलाय तिला. उजव्याने लिहितेय. फार दुखतं— पण दोन घास गेल्यावर हसली, कितीतरी दिवसांनी— ताट समोरच आहे, पालथं घालायला हवं, कळतं मला— जरा तिचं पोट भर—