हद्दीवरची तार

मामा, तुमच्या धाकट्यानं परवा आपली तार दुरुस्त केली आणि ती बंद पडली. कोणती तार, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. तुम्ही बांधून गेलात तशीच आहे अजून. गच्चीवरच्या खांबापासून एक हात न्हाणीजवळच्या कडुलिंबाकडे, दुसरा गोठ्याजवळच्या चिंचेकडे, आणि दोन्हीकडे मधेच एकेक काळी केबल खाली लोंबलेली. फक्त अंगणात आता भिंत आहे. वाटणीत कडुलिंब आमच्याकडे आला, गोठा आणि चिंच धाकट्या भावजींकडे गेली. भिंत घालताना सगळे खाली बघत होते, वर कुणी पाहिलं नाही, म्हणून अर्धी तार त्यांच्या हद्दीत राहिली. त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही, कारण बोलणंच नव्हतं. तुमचा थोरला हिंगोलीच्या मोंढ्यात नोकरीला. सकाळी जातो, रात्री येतो, भावाशी बोलणं टाळायला त्याला ही भिंत सोयीची पडली असावी.

तुम्ही पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त होऊन घरी आलात आणि त्याच वर्षी मी सून म्हणून या घरात आले. गावातले बाकीचे पेन्शनर पारावर जाऊन बसले, तुम्ही हौशी रेडिओचा परवाना काढलात. सकाळी देशातल्या देशात बोलायला चाळीस मीटरचा पट्टा, दुपारनंतर लांबच्यांसाठी वीस मीटरचा, आणि दोन्हींना आपापल्या मापाची तार, म्हणजे एरियल, हवी. झाडं मात्र दोनच. त्यावर तुमचा तोडगा म्हणजे या लोंबत्या केबली. तुम्ही त्यांना स्टब म्हणायचात. मला आठवतंय, मी चुलीपाशी भाकरी थापतेय आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून सांगताय, की केबलीचं वरचं तोंड तारेच्या दोन तुकड्यांच्या मधे जोडायचं आणि खालच्या टोकाला आतली तार अन् बाहेरची जाळी एकमेकींना जोडून टाकायची, शॉर्ट करायची. मी म्हटलं, मग सगळंच शॉर्ट होईल की. तुम्ही खूश झालात, तुम्हाला हाच प्रश्न हवा होता. सुतळीचं एक टोक दाराच्या कडीला बांधलंत, दुसरं हातात धरून हिसका दिलात. हिसका कडीपर्यंत गेला आणि उलटून हाताशी आला. "माप बराबर असलं, तर परत आलेली लाट तोंडाशीच आडवी उभी राहती," तुम्ही म्हणालात. "वीसवाल्या लाटेला तिथं दार बंद. ती आतल्या आतच खेळती. चाळीसवाली लांब ढांगेची, तिला ते माप जुळत न्हाई. ती सरळ पार जाती, झाडापस्तोर." तेवढ्यात भाकरी करपली. सासूबाई तुम्हाला बोलल्या, मला नाही.

सगळी भिस्त त्या मापावर होती, आणि मापातच आपण पहिल्यांदा फसलो. गावात घरोघरी डिश आल्यावर टीव्हीच्या केबलवाल्यानं टाकून दिलेली केबल तुम्ही गोळा करून आणलीत. पुस्तकातला हिशोब होता घट्ट प्लास्टिकच्या केबलीचा. टीव्हीच्या केबलीत आत फेसासारखं भुसभुशीत भरलेलं असतं, त्यातून लाट जास्त वेगानं पळते आणि तुकडा लांब लागतो. हे आपल्याला कळलं तेव्हा दोन्ही तुकडे कापून झाले होते. हिशोब तुमचा होता, पण कात्री माझ्या हातात होती, म्हणून बोलणी मला बसली. "काहून घाई करून राहिलीस, पोरी? कापलेलं वाढत असतं व्हय?" दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या शिवणाच्या डब्यातली टाचणी मागायला आलात, तेव्हा माफी मागायची ती तुमची पद्धत असावी असं मी धरून चालले. केबल लांबच ठेवायची, टाचणी आरपार टोचायची म्हणजे आतली तार आणि जाळी तेवढ्याच जागी एकत्र येतात, आणि मग सेटवरचा काटा बघायचा. आपण पाठवलेलं किती परत येतंय ते तो काटा सांगतो. टाचणी थोडी वर, थोडी खाली. काटा पडला, म्हणजे परत येणं कमी झालं, की तिथं कापून कथलाचा डाग द्यायचा. मी खिडकीतून ओरडत होते, तुम्ही शिडीवर होतात, आणि अंगणात वाळत घातलेल्या हळदीवर पाय पडतोय म्हणून सासूबाई दोघांवर ओरडत होत्या. त्या पाडव्याला घरातल्या बायकांना साड्या आल्या आणि मला तुम्ही तुमचा लाकडी मुठीचा सोल्डरिंग आयर्न दिलात. मी हिरमुसले होते. साडी कोणत्या रंगाची आली असती हा विचार पुष्कळ दिवस डोक्यात होता.

तर परवाचं. भावजींचं मोटार वाइंडिंगचं दुकान चांगलं चालतं. पार कुरुंद्याहून, हट्ट्याहून माणसं मोटारी घेऊन येतात. त्यांच्या स्वतःच्याच बोअरचा स्टार्टर जळाला आणि कशानं जळाला ते शोधता शोधता त्यांची नजर वर गेली. मोटार भरणाऱ्या माणसाला शॉर्ट म्हणजे रोग. त्यांनी शिडी लावली, त्यांच्या बाजूच्या केबलीच्या टोकाला मीटर लावलं, मीटर वाजलं. मग त्यांनी जोडलेलं टोक कापलं, आतली तार आणि जाळी वेगळी केली, दोन्हींवर काळी टेप नीट गुंडाळली आणि भिंत झाल्यापासून पहिल्यांदा आमच्या दारात आले. "वहिनी, तुमची तार इतकी वर्षं शॉर्ट होती बघा. काढला मी. आता तुमाला तकलीफ न्हाई." चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मी बसा म्हटलं आणि चहा ठेवला.

चहा उकळेपर्यंत मला पुरतं कळून चुकलं होतं की तार गेली. सकाळचा रेडिओवरचा तो एक तास सोडला तर दिवसात माझं म्हणावं असं फारसं काही नाही, मामा. कोलकात्याच्या बाई, उटीचे म्हातारे डॉक्टर, या माणसांना मी कधी पाहिलेलं नाही, पण मी दोन दिवस आले नाही तर ती विचारतात. तुम्ही केलं ते चुकलं असं म्हणावं, तर माणूस उठून जाणार, पुन्हा येणार नाही. तसं न म्हणावं, तर तो तास जाणार. शेवटी मी तुमचंच केलं. समजावत बसले नाही, काम दिलं. टाचणी दिली आणि म्हटलं, "भावजी, जरा शिडीवर चढता का? पण सेट चालू असताना केबलीला हात लावायचा नाही."

ते चढले. टाचणी टोचली, खाली उतरून खिडकीशी आले. मी अगदी कमी ताकदीवर सेट चालवला, काटा पडला. टाचणी काढून आले, काटा चढला. असं त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मग जरा चिडूनच म्हणाले, "मंग आमचं मीटर खोटं बोलून राहिलं व्हय?" मी म्हटलं, मीटर खरंच बोलतंय, पण ते बॅटरीचं बोलतंय, लाटेचं नाही. आणि तुमच्यासारखी सुतळी कडीला बांधून दाखवली. त्यांनी स्वतः हिसका देऊन पाहिला. बराच वेळ देत राहिले. मग म्हणाले, "मंजी हितं शॉर्टच पायजे. द्या, डाग मीच देतो."

मी आयर्न काढून दिला. त्यांनी मूठ उलटीपालटी करून पाहिली आणि चालूच केला नाही. "हा माह्या हातातून काढून घेतलेला बाबानं," ते म्हणाले. "दहावीला गेलो त्या साली. म्हनला, तुहा हात ठरत न्हाई, तू ठेव ते. वहिनी, तुमाला शिकवलं त्यानं. तुमी तर बाहेरून आलेल्या. आमाला काहून न्हाई शिकवलं?"

मला तेव्हा तुमचा राग आला, मामा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि चांगलाच. तो आयर्न मी किती वर्षं कौतुकानं वापरला, कुणाच्या हातातून आलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मला शिडी धरायला बोलवायचात तेव्हा ते गोठ्याच्या दारात उभे असायचे, हेही आत्ता आठवलं. मी समजत होते ते म्हशीजवळ असतात. तुमच्या वतीनं काही तरी बोलणं भाग होतं, आणि बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मामा म्हणायचे, मी गेल्यावर तार बिघडली तर धाकट्याला बोलाव. त्याच्या हाताला जमेल."

त्यांनी आयर्न तापवला, शिडीवर चढले आणि डाग दिला. माझ्यापेक्षा चांगला दिला, आणि तुमच्यापेक्षाही. केबल बोटभर तोकडी झाली आहे, त्यामुळे वीसला तार पट्ट्याच्या जरा वरच्या अंगाला बसते. तुम्ही ते चालवून घेतलं नसतं, मी घेते. आज सकाळी सेट लावला तर भिंतीपलीकडून हाक आली, "वहिनी, काटा पडला का?" मी पडला म्हटलं. ते म्हणाले, उद्या तुमच्या बाजूचाही डाग बघून घेतो, बाबाचं काम आता जुनं झालंय.

हे पत्र पाठवायची काही सोय नाही, ते बरंच आहे. धाकट्याच्या हाताला जमेल, असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात.